मराठीत लिहून कमावायचं असेल तर: काम कुठे असतं, कसं मागायचं, पैसे कसे वसूल करायचे

छापून येणं आणि पैसे मिळणं यांची गाठ मराठीत क्वचितच पडते. कविता, कथा, ललित लेख यांना जागा पुष्कळ आहेत, पण मानधन बहुतेक ठिकाणी नाममात्र असतं. कित्येकदा अंकाची एक प्रत म्हणजेच मानधन. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, सराफाची जाहिरात, रुग्णालयाचं माहितीपत्रक, अ‍ॅपमधला मराठी मजकूर, निवृत्त हेडमास्तरांचं आत्मचरित्र यांच्याखाली लिहिणाऱ्याचं नाव बहुधा नसतं, पण ज्याला तो मजकूर हवा असतो त्याने त्यासाठी पैसे बाजूला काढलेले असतात. नवख्याने आधी तिकडे वळावं. कथा-कविता लिहीत राहा, फक्त घरभाडं त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

आधी टंकलेखन नीट करा

हे फार किरकोळ वाटतं, पण पहिलं काम इथेच हातचं जातं. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतांत, टाइप करा. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकायला दोन-तीन आठवडे जातात. नंतर वेग मोबाइलवरच्या उच्चारानुसारी टायपिंगपेक्षा बराच वाढतो आणि 'ऱ्य', 'ज्ञ', 'ॲ' ही अक्षरं शोधत बसावं लागत नाही. फॉन्ट मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी किंवा मंगल यांपैकी कुठलाही चालेल.

अडचण पुढे येते. बरेच मुद्रक आणि प्रकाशक अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात. तुमचा युनिकोड मजकूर ते कन्व्हर्टरमधून काढतात आणि त्यात ठरावीक मोडतोड होते: ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार हलतो, 'दुसऱ्या'मधला अर्धा र तुटतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. छापून आल्यावर दोष मात्र लेखकाच्या माथी. म्हणून वर्ड फाइलसोबत त्याच मजकुराची पीडीएफही पाठवा आणि पानं लागल्यावर एकदा मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) दाखवा, असं पत्रात आधीच लिहून ठेवा.

शुद्धलेखनाबद्दल दोन मतं असू शकतात, ग्राहकापुढे मात्र एकच मत चालतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. ते अठराही नियम पाठ हवेत. अहवाल, पाठ्यसाहित्य आणि सरकारी अनुवाद यांत 'करणे, सांगितले' असं लेखी रूप वापरायचं. जाहिरात, व्हिडिओ, ऑडिओ यांत 'करणं, सांगितलं'. एकाच मजकुरात दोन्ही मिसळलेली दिसली की जाणता संपादक पहिल्याच पानावर थांबतो.

नमुने: तीन पुरेत, पण नेमके

'मी काहीही लिहू शकतो' असं सांगणाऱ्याला कुणी काही देत नाही. ज्या प्रकारचं काम हवं आहे त्याच प्रकारचे तीन नमुने तयार करा. छापून आलेलं काही नसेल तर स्वतः तयार केलेलं चालतं. उदाहरणार्थ, बँकेच्या संकेतस्थळावरचं एखादं क्लिष्ट मराठी पान घ्या आणि तेच सोप्या मराठीत ३०० शब्दांत लिहा. मूळ आणि तुमचं शेजारी शेजारी ठेवा. मधुमेहाच्या रुग्णांसाठी दोन पानी पत्रक लिहा. इंग्रजीतल्या एखाद्या सरकारी माहितीपत्रकाच्या ४०० शब्दांचा अनुवाद करा. नमुन्यावर 'स्वतंत्र सराव-नमुना' असं स्पष्ट लिहा. न केलेलं काम केलं म्हणून दाखवलं, तर या लहान बाजारात ते फार दिवस लपत नाही.

तिन्ही नमुने एकाच पीडीएफमध्ये, सहा पानांच्या आत. कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, शालेय निबंधस्पर्धेची प्रमाणपत्रं, व्याख्यानाचे फोटो यांतलं काही जोडू नका.

अनुवाद

नियमित पैसे देणारं काम बहुतेकांना इथेच मिळतं. अनुवाद-संस्था, अ‍ॅप कंपन्या, औषधचाचण्यांची संमतिपत्रं, विमा, शेतीविषयक कंपन्या, स्वयंसेवी संस्थांचं प्रशिक्षण-साहित्य अशा सगळ्यांना इंग्रजीतून मराठी हवं असतं. ट्रान्सलेटर्स कॅफे आणि प्रोझ या संकेतस्थळांवर नाव नोंदवता येतं. प्रोझवर कामं देणाऱ्या संस्थांबद्दल अनुवादकांनी दिलेले शेरे 'ब्ल्यू बोर्ड' नावाच्या यादीत असतात. काम स्वीकारण्याआधी ते पाहा. तिथे पैसे थकवल्याच्या तक्रारी दिसल्या, तर दर कितीही चांगला असला तरी लांब राहा.

दर ठरवताना एक गोष्ट पक्की करा: मोजणी मूळ इंग्रजी शब्दांची. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचे बहुधा साडेसातशे ते साडेआठशे मराठी शब्द होतात. 'शब्दामागे एक रुपया' असं नुसतं ठरलं आणि मोजणी मराठी शब्दांची निघाली, तर तेवढ्याच कामाला दीडशे ते अडीचशे रुपये कमी मिळतात.

संस्था आधी चाचणी घेते. २५० ते ३०० शब्दांची विनामोबदला चाचणी रूढ आहे. चाचणी म्हणून हजार शब्द आले, मजकूर मध्येच सुरू होऊन मध्येच तुटत असेल आणि 'उद्या सकाळपर्यंत' असा आग्रह असेल, तर बहुधा खरं कामच तुकडे करून दहा उमेदवारांकडून फुकट करून घेतलं जात आहे. 'पहिले ३०० शब्द चाचणी म्हणून देतो, उरलेल्याचं बिल लावावं लागेल,' असं उत्तर पाठवा. पुढचं पत्र येतं की नाही यावरून उलगडा होतो.

मेमोक्यू, ट्रॅडोस किंवा ब्राउझरमध्ये चालणारं स्मार्टकॅट यांपैकी जुने अनुवाद साठवून पुन्हा सुचवणारं एखादं साधन यावं अशी अपेक्षा असते. ओमेगा-टी फुकट आहे. सराव त्यावर करता येतो. जुन्या अनुवादाशी जुळणाऱ्या वाक्यांना संस्था कमी दर लावतात. शंभर टक्के जुळणी, अंशतः जुळणी आणि नवीन शब्द यांचे दर वेगवेगळे असतात. ते कोष्टक आधी मागून घ्या.

आता यंत्रानुवाद. 'मशीनने केलंय, फक्त नजर फिरवा' हे काम वाढत आहे आणि त्याचा दर अनुवादाच्या निम्म्याहून कमी सांगितला जातो. होकार देण्याआधी २०० शब्द मागून घ्या आणि घड्याळ लावून सुधारून पाहा. यंत्राच्या मराठीत चुका ठरलेल्या असतात: लिंग बदलतं, एकाच पानावर 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' येतात, प्रत्येक कर्त्यामागे 'द्वारे' लागतं, 'केले गेले आहे' अशा शेपट्या येतात, हिंदी शब्द मराठी अर्थ बदलून बसतात. २०० शब्दांना चाळीस मिनिटं लागली तर ते काम नव्या अनुवादाएवढंच आहे. तासाचा दर सांगा किंवा नवीन अनुवादाचा दर लावा.

सहकारी संस्था आणि अहवाल

पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ, साखर कारखाने, गृहनिर्माण संस्था यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि अहवाल त्याआधी छापून सभासदांच्या हाती जायला हवा. म्हणजे लिहिण्याचं काम मे ते ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये विचारायला जाणाऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' ऐकावं लागतं.

बहुतेक अहवाल मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये आकडे बदलून निघतात. त्यात कुणी मागच्या अध्यक्षांचं नाव तसंच ठेवतं, कुणी श्रद्धांजलीच्या यादीत हयात माणूस घालतं. तुमची संधी इथे आहे. संस्थेच्या कार्यालयातून गेल्या वर्षीचा अहवाल मिळवा, अध्यक्षांच्या मनोगतातला एक परिच्छेद नव्याने लिहा आणि व्यवस्थापकांना द्या. तुमच्या वाट्याला येणारा भाग म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, संचालक मंडळाच्या अहवालातलं निवेदन, उपक्रमांची माहिती आणि पूर्ण मुद्रितशोधन. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लेखापरीक्षकांचा अहवाल यांतल्या एकाही आकड्याला हात लावायचा नाही. शंका आली तर पेन्सिलने खूण करून लेखी विचारायचं. पोटनियम दुरुस्तीचा मजकूरही शब्दशः तसाच ठेवायचा; तिथे भाषा सुधारायला गेलात तर ठरावाचाच अर्थ बदलू शकतो.

हीच रीत शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांना, गणेश मंडळांच्या अहवालांना आणि स्वयंसेवी संस्थांच्या वार्षिक अहवालांना लागू पडते. स्वयंसेवी संस्थांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असतं, आणि त्यांची घाई आर्थिक वर्ष संपल्यावर, एप्रिल ते जुलैत असते.

शब्दांकन

निवृत्त अधिकारी, डॉक्टर, कारखानदार, शिक्षक यांना आयुष्य पुस्तकात आणायचं असतं. पैसे असतात, सांगण्यासारखं असतं, लिहायला जमत नाही. त्यांनी सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, हे शब्दांकन. नवख्या लेखकाला एकरकमी चांगले पैसे देणारं दुसरं काम मराठीत सहसा सापडत नाही, आणि सर्वांत जास्त फसगतही याच कामात होते. म्हणून याचा हिशेब जरा बारकाईने.

१६० पानांच्या साध्या पुस्तकात ४० ते ४५ हजार शब्द मावतात. त्यासाठी १२ ते १५ तासांचं ध्वनिमुद्रण लागतं; एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त बोलवू नका, ज्येष्ठ माणूस थकतो आणि त्याच गोष्टी पुन्हा सांगू लागतो. एक तासाचं बोलणं हाताने उतरवून काढायला चार ते सहा तास जातात. बोलून टाइप करणारी साधनं वेळ वाचवतात, पण गावांची नावं, आडनावं आणि बोलीतले शब्द हमखास चुकवतात. बैठका २० तास, उतरवणं ६० ते ७०, लिहिणं १५०, दुरुस्त्या ४० असे धरले, तरी पुस्तक पावणेतीनशे तासांचं होतं. 'पन्नास हजारांत करून द्या' याचा अर्थ तासाला १८० रुपये. तेवढ्यात करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण भागाकार केल्यावर.

पैसे चार टप्प्यांत घ्या: सुरू करताना २५ टक्के, सर्व बैठका झाल्यावर २५, पहिला खर्डा दिल्यावर २५, अंतिम प्रत देताना उरलेले. अंतिम प्रत देण्याआधी, दिल्यावर नव्हे. सांगणारी व्यक्ती आजारी पडते, कुटुंबात वाद होतो, मुलगा परदेशातून येतो आणि 'काकांबद्दलचं सगळं काढा' म्हणतो. टप्पे नसतील तर अशा वेळी सहा महिन्यांचं काम अडकतं.

करारात या गोष्टी हव्यात: किती शब्द, किती बैठका, प्रवासखर्च कुणाचा, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन पुरेत, तिसरीपासून वेगळे पैसे), मुखपृष्ठावर 'शब्दांकन' म्हणून नाव येणार की नाही, छपाईशी तुमचा संबंध नाही, आणि मजकुरातल्या विधानांची जबाबदारी सांगणाऱ्याची. प्रत्येक प्रकरण वाचून झालं की त्यावर त्यांची सही घ्या. जमिनीचे वाद, भावकी, नोकरीतले वरिष्ठ यांच्यावर आरोप करणारी वाक्यं बैठकीत सहज निघतात. पुस्तकात ती बदनामीच्या दाव्याला निमंत्रण देतात. ती प्रकरणं वकिलांना दाखवायला सांगा, त्यांच्या खर्चाने.

अशी कामं जाहिरातीतून फारशी मिळत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघ, माजी विद्यार्थी संघटना, निवृत्त कर्मचाऱ्यांचे मेळावे, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाचे सोहळे ही तिथली खरी दारं. स्वतःची पुस्तकं काढणाऱ्यांना सेवा देणारे छोटे मुद्रक आणि अक्षरजुळणीकार यांच्याकडे तर दर महिन्याला कुणीतरी विस्कळीत वह्या घेऊन येतं. आपल्या गावातल्या तीन मुद्रकांकडे नमुना आणि दरपत्रक ठेवून या.

जाहिराती आणि व्हिडिओ

मुंबईतल्या जाहिरात संस्थांमध्ये मूळ जाहिरात हिंदीत किंवा इंग्रजीत सुचते आणि मग ती मराठीत 'अ‍ॅडॅप्ट' करायला बाहेर दिली जाते. शब्द बारा असोत की चाळीस, इथे शब्दावर दर लावायचा नाही; ओळीचा, जाहिरातीचा किंवा पूर्ण मोहिमेचा दर सांगायचा आणि दोन-तीन पर्याय द्यायचे. पडद्यावर येणारी ओळ असेल तर ओठांच्या हालचाली आणि सेकंद मोजावे लागतात, म्हणून व्हिडिओ पाहिल्याशिवाय लिहू नका. यूट्यूब वाहिन्यांच्या संहितांना मात्र मिनिटावर दर ठरतो. मराठी निवेदनाला मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द धरा.

दिवाळी अंक, वृत्तपत्रं, ऑडिओ, मालिका

१९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजही दर वर्षी शेकडो अंक निघतात. त्यांतले मोजकेच नियमित मानधन देतात. साहित्य एप्रिलपासून मागवलं जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंक जवळपास भरलेला असतो. सप्टेंबरमध्ये पाठवलेली कथा पुढच्या वर्षीच्या ढिगात जाते. संपादकाचं नाव आणि पत्ता अनुक्रमणिकेच्या पानावर असतो. आधीचे दोन अंक वाचून, एका वेळी एकाच अंकाला पाठवा आणि 'हे साहित्य अन्यत्र पाठवलेलं नाही' असं लिहा. उत्तर कधीपर्यंत येईल आणि मानधन किती, हे विचारण्यात गैर काही नाही. स्वीकृतीचं पत्र आल्यावर विचारा.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना ६०० ते ८०० शब्दांचा पूर्ण लेख पाठवावा लागतो. बालसाहित्य लिहिणाऱ्यांनी बालभारतीचं 'किशोर' पाहावं. १९७१ पासून चालू असलेलं हे मासिक आहे. स्टोरीटेल २०१७ पासून भारतात आहे आणि त्यावर मराठी श्राव्य पुस्तकं, मालिका येतात. अशा ठिकाणी अख्खी कादंबरी पाठवण्यापेक्षा कथासूत्र, पात्रं, भागवार आराखडा आणि पहिला भाग लिहून पाठवणं उपयोगी ठरतं. दूरचित्रवाणी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळे लोक लिहितात. नवखा माणूस बहुधा पटकथा किंवा संवाद लेखकाचा सहायक म्हणून शिरतो. तिथे नव्वद दिवसांनी पैसे देण्याची जुनी पद्धत आहे, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय बाकीची कामं सोडू नका. कल्पना सांगण्याआधी ती लेखी स्वरूपात नोंदवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्यांना संहिता ऑनलाइन नोंदवता येते. मराठीतल्या मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची 'मानाचि' ही संघटनाही आहे.

फायव्हरसारख्या ऑनलाइन कामांच्या जागतिक बाजारांवर मराठीची कामं थोडी असतात आणि फायव्हर तुमच्या मिळकतीतले २० टक्के कापतं. दर लावताना ते धरा.

पत्र कसं लिहायचं

व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर काही काम असेल तर कळवा' हा संदेश वाचून सोडून दिला जातो. त्यात समोरच्याला विचार करायला लावलेलं असतं. त्यापेक्षा असं:

'मा. व्यवस्थापक साहेब, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहते. संस्थांचे मराठी अहवाल लिहिणे व मुद्रितशोधन ही कामे करते. आपल्या संस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल वाचला. पान ४ वरील ठेवींविषयीचा परिच्छेद सभासदांना चटकन समजेल अशा भाषेत लिहून सोबत जोडला आहे. यंदाच्या अहवालातील मनोगत व उपक्रमांचे लेखन आणि पूर्ण मुद्रितशोधन मी माहिती हाती आल्यापासून १२ दिवसांत देऊ शकेन. २४ पानांसाठी अंदाजे खर्च सोबतच्या दरपत्रकात आहे. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी दहा मिनिटे भेटायला येऊ का?'

चुका मोजून दाखवू नका. 'आपल्या अहवालात ४३ चुका सापडल्या' असं लिहिलंत की ज्याने तो अहवाल केला तो, म्हणजे बहुधा पत्र वाचणारा, तिथेच नाराज होतो. आठवड्याला दहा पत्रं, प्रत्येक वेगळं. पाचव्या दिवशी फोन, पंधराव्या दिवशी एक आठवण, मग थांबा. कुणाला कधी पाठवलं याची वही किंवा तक्ता ठेवा, नाहीतर एकाच माणसाला दोनदा ओळख करून दिली जाते.

दर

मराठी मजकुराला शब्दामागे ४० पैसे सांगणारेही भेटतात आणि दोन-तीन रुपये देणारेही. बाजारभाव विचारत फिरण्याआधी स्वतःचा तास काढा. महिन्याला ३० हजार हवेत असं धरू. २५ दिवस काम केलं तरी बिल लावता येईल असे तास दिवसाला चारच निघतात. बाकीचे पत्रं, फोन, बिलं आणि वाट पाहण्यात जातात. म्हणजे १०० तास, तासाला ३०० रुपये. हजार शब्दांच्या माहितीपर लेखाला दोन तास माहिती जमवायला, तीन लिहायला, एक दुरुस्त्यांना लागत असेल, तर १,८०० रुपये, शब्दाला १ रुपया ८० पैसे. हजार इंग्रजी शब्दांचा अनुवाद चार तासांत होत असेल तर १,२०० रुपये. ५० पैसे दराचा तोच लेख तासाला ८३ रुपये देतो.

पहिल्या कामासाठी उतरायचंच असेल, तर दर खाली आणू नका, सूट दाखवा: 'दर १.८० रुपये, पहिल्या कामासाठी २० टक्के सूट.' एकदा सांगितलेला ८० पैशांचा दर वर न्यायला वर्षं लागतात. सूट दुसऱ्या बिलात आपोआप संपते. 'पुढे भरपूर काम देऊ' हे आश्वासन आलं तर ठरवा की पुढच्या कामांवर सूट मिळेल, आताच्या नाही.

लेखी काय घ्यायचं

छोट्या कामाला वकिली करार लागत नाही. ईमेलमध्ये सहा ओळी: काय लिहायचं, किती शब्द, कोणत्या तारखेला, दर आणि एकूण रक्कम, दुरुस्तीच्या फेऱ्या, पैसे किती दिवसांत. शेवटी 'आपला होकार कळवावा'. फोनवर ठरलं असेल तरी त्याच संध्याकाळी ही ईमेल पाठवा. नव्या ग्राहकाकडून ३० ते ५० टक्के आगाऊ मागा.

हक्कांबद्दल कायदा लेखकाच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणारा हाच पहिला हक्कधारक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. अहवाल, पत्रकं, जाहिराती यांचे सगळे हक्क देऊन टाकायला हरकत नाही, ते तुम्हाला पुढे कुठेही उपयोगी नसतात. कथा, कादंबरी, संहिता यांच्या बाबतीत 'सर्व माध्यमांतील, कायमचे, जगभरातील' अशी ओळ दिसली की थांबा आणि ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगळे काढायला सांगा.

बिल, टीडीएस, वसुली

काम पाठवलं त्याच दिवशी बिल पाठवा. त्यावर बिल क्रमांक, तारीख, दोन्हीकडची नावं-पत्ते, कामाचं वर्णन, शब्दसंख्या गुणिले दर, एकूण रक्कम, तुमचा पॅन, खाते क्रमांक आणि आयएफएससी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही; बिलावर जीएसटी लावायचा नाही.

कंपनी वर्षभरात तुम्हाला व्यावसायिक शुल्क म्हणून ५० हजारांपेक्षा जास्त देत असेल तर १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरायचा आयकर, कापते (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती). पॅन दिला नसेल तर २० टक्के कापले जातात. कापलेली रक्कम बुडालेली नसते. आयकर पोर्टलवर ती तुमच्या नावावर दिसायला हवी, आणि तुमच्यावर तेवढा कर बसत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ती परत मिळते. कापली पण भरली नाही, असंही घडतं. दर तिमाहीनंतर पोर्टलवर पाहून हिशेबनिसाला कळवा, मार्चनंतर कुणी दाद देत नाही.

थकलेल्या बिलांसाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कामाची आहे. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं दलालांची असतात, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते पाहा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या कायद्यानुसार ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, आणि ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची, पैसे द्यावे लागतात; लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधी झालेली हवी, बिल थकल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

वसुलीचा क्रम असा ठेवा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लेखा विभागाला बिल पुन्हा जोडून ईमेल. ज्याने काम दिलं त्याला फक्त प्रत. आठवड्याने फोन, 'साहेब, बिल कुठल्या टेबलावर आहे?' एवढाच प्रश्न. आणखी पंधरा दिवसांनी उद्यम क्रमांक आणि व्याजाचा हिशेब असलेलं पत्र. बरीच प्रकरणं इथे मिटतात, कारण २०२४ पासून अशा लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकलेले राहिले तर तो खर्च कंपनीला त्या वर्षीच्या आयकरात वजा दाखवता येत नाही, आणि हे त्यांच्या सीएला चांगलं माहीत असतं. तरीही हललं नाही तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार. या सगळ्या काळात त्याच ग्राहकाचं नवं काम हाती घेऊ नका, मग ते कितीही गोड बोलून दिलेलं असो.

फसवणूक ओळखायची

'घरबसल्या मराठी टायपिंग, पानाला १०० रुपये', आणि आधी नोंदणी शुल्क किंवा अनामत: ही सरळ फसवणूक. त्याचा दुसरा अवतार असा की ५० पानं टाइप करून घेतली जातात, मग 'अचूकता ९८ टक्क्यांहून कमी आहे, करारभंग झाला' म्हणून वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस येते. घाबरून पैसे भरू नका. काम देणारा कधीही पैसे मागत नाही, आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही की क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. संदेश, क्रमांक आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसण्याआधी जपून ठेवा, तक्रारीत तेच मागतात.